सरळ झालेला खेकडा

“फाळका पाडा बघू,” काचवाला म्हणाला.

शोरूममधल्या विक्रेत्याने नव्या पिकअपचा मागचा फाळका पाडला. काचवाल्याने दोन्ही हात पसरले, हवेतली एक काच उचलली, अंगाशी धरली आणि हौद्याच्या बाजूला नेली. हौद्याची कड त्याच्या छातीला लागली. काच आत ठेवायची तर आधी ती डोक्याच्या वर न्यायला हवी होती. त्याने तेही करून पाहिले. उजवा हात कानापर्यंत आला आणि तिथेच अडला. त्या खांद्याने गेल्या वर्षीपासून त्याहून वर जायचे नाकारले होते.

“ही गाडी आहे की माडी?” त्याने विचारले.

विक्रेता हसला. मुलगी हसली नाही. सुट्टी काढून तीच त्याला इथे घेऊन आली होती.

“बाबा, आता सगळ्या अशाच उंच येतात. मदतीला एक माणूस ठेवा ना.”

“काच एकाच्या हातात राहते, बाळा. दुसरा आला की दोघांनाही वाटतं, त्यानं धरलीय.”

“मग काम बंद करा. कुणी सांगितलंय या वयात?”

विक्रेत्याला आपण फुकट राबवले असे वाटून काचवाल्याने स्वतःच फाळका लावायला हात घातला, आणि तोही त्याला नीट उचलता आला नाही.

बाहेर त्याची स्वतःची पिकअप उभी होती. गल्लीत सगळे तिला खेकडा म्हणत. मूळचा रंग कोणता यावर घरात दोन मते होती. हौद्याची कड मात्र बरोबर त्याच्या मांडीशी यायची. काच अंगाशी धरायची, किंचित कलायचे, आणि ती आपोआप आतल्या लाकडी चौकटीवर जाऊन टेकायची. खांद्याला पत्ताही लागत नसे. गाडी अंगाने एवढीशी, की ज्या बोळात दुसरे मालवाहू वाहन तोंड घालायला घाबरे तिथे हा दारापर्यंत जायचा. बॉनेट उघडले की इंजिनाच्या शेजारून खालची जमीन दिसायची. पाना हातातून सुटला तर जमिनीवरच सापडायचा. खिडकीची काच हाताने फिरवून खाली घ्यायची. किल्ली इतकी झिजली होती की इंजिन चालू असताना ती काढून कान खाजवता येई. पुढे एकच लांब बाक होता. लहान आरसे पोचवायचे असले की बायको त्यावर बसायची, आरसा मांडीवर उभा धरून, आणि वाटभर स्वतःकडे बघत केस नीट करायची.

त्याला हा खेकडा का आवडतो असे कुणी विचारले असते तर यातले काहीच त्याला सांगता आले नसते. “बरा आहे,” एवढेच तो म्हणाला असता.

खेकड्यात एकच खोड होती, आणि तीवरूनच त्याचे नाव पडले होते. ब्रेक दाबला की तो डावीकडे सरकायचा. हळू दाबला तर थोडा, जोरात दाबला तर सरळ शेजारच्याच्या अंगणात. गल्लीत म्हणच पडली होती, खेकड्याच्या डाव्या हाताला उभे राहू नये. काचवाल्याला त्याचे काही वाटत नसे. काच वाहणारा माणूस ब्रेक मारत नाही. कुठे थांबायचे हे तो आधीच ठरवतो. रिकाम्या हौद्याने घरी परतताना कुणी मध्ये आलेच, तर पाय खाली जायचा आणि त्याच क्षणी हात स्टिअरिंगच्या चाकाला उजवीकडे अर्धा वेढा द्यायचे. खेकडा सरळ थांबायचा. आपण असे काही करतो हे काचवाला कधीच विसरला होता. आपण श्वास घेतो हे कुणाच्या लक्षात असते?

मग तो नवा नियम आला. अमुक वयाच्या पुढच्या मालवाहू गाड्यांनी दर वर्षी तपासणी केंद्रावर यायचे. पास झाली तर रस्त्यावर, नाही तर भंगारात. शोरूमची वारी त्यामुळेच झाली होती. तिथून परतताना त्याने मुलीला स्टॉपवर सोडले आणि खेकडा थेट मिस्त्रीच्या दारात उभा केला.

मिस्त्री बरीच वर्षे त्याची गाडी बघत होता आणि तेवढीच वर्षे त्याची थट्टा करत होता.

“आलात? मला वाटलं, नवी सून घेऊन याल.”

“सून उंच आहे. घरात मावत नाही.”

“मग या सासूचं काय करू?”

“पास करून दे.”

मिस्त्रीने हात पुसले. “बाकी सगळं करतो, काका. धूर, दिवे, हॉर्न. पण ब्रेकला हा असा बाजूला पळाला तर ते दारातूनच परत पाठवतील. डाव्या चाकाचा ब्रेक आधी धरतो, उजवा मागून येतो. मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, करून टाकू?”

“मला कुठं त्रास होतोय?”

“तुम्हाला नाही होत. भिंतींना होतो.”

ब्रेकचा जो भाग हवा होता तो बनायचा बंद होऊन जमाना लोटला होता. मिस्त्रीने भंगारात पडलेल्या अशाच दुसऱ्या एका गाडीतून तो काढून आणला, घासूनपुसून बसवला, चारही चाके पुन्हा पुन्हा खोलली आणि लावली. काम संपल्यावर तो स्वतः एक फेरी मारून आला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा लग्न जमवलेल्या मामासारखा झाला होता.

“बघा आता. दोरीत थांबतो. हाताला आराम द्या, काका.”

काचवाला स्टिअरिंगवर बसला. पहिल्याच वळणावर हळू ब्रेक दाबला आणि खेकडा उजवीकडे झुकला. तो दचकला, मग स्वतःशीच हसला. दुसऱ्या वळणाला हात थोडा कमी वळला, पुढे वळलाच नाही. दोन दिवस त्याने नेहमीप्रमाणे कामे केली. हौद्यात काचा होत्या, त्यामुळे ब्रेक जोरात दाबण्याचा प्रश्नच आला नाही.

“जमलं का हो?” बायकोने विचारले. ती मांडीवर आरसा धरून शेजारी बसली होती.

“न जमायला काय झालं? गाडी सरळ केली म्हणजे माणसानंही सरळ व्हायचं.”

“तुम्ही व्हाल होय!” ती आरशाला म्हणाली.

तपासणीच्या दिवशी तीही बरोबर आली. केंद्राच्या फाटकाशी तिला उतरवले, कारण आत फक्त चालकाला सोडत होते. ती जाळीच्या कुंपणाला धरून उभी राहिली.

तपासणारी बाई तरुण होती. बोलायला चांगली होती. तिने दिवे पाहिले, धूर पाहिला, गाडीखाली वाकून टॉर्च मारला आणि म्हणाली, “काका, ठेवलीय छान. माझ्या आजोबांकडे अशीच होती. विकली तेव्हा ते जेवले नव्हते.”

“कसे जेवतील?” काचवाला म्हणाला. त्याला एकदम हलके वाटू लागले.

“आता एकच राहिलं. या पट्ट्यातून सरळ यायचं, जरा वेगात. पांढऱ्या रेघेवर आलात की ब्रेक पूर्ण दाबायचा. हळू नाही हं, जेवढा जोर आहे तेवढा.”

“मॅडम, मी कधी एवढा दाबत नाही. काचेचं काम आहे माझं.”

“आज काच नाहीये ना? दाबा बिनधास्त. मला गाडी बघायचीय, तुम्हाला नाही.”

पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे बुटके खांब होते. काचवाल्याने गाडी मागे नेली, पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला. जाळीपलीकडे बायकोचा पदर दिसला. इंजिन छान बोलत होते. रेघ आली. त्याने पाय खाली दाबला, होता नव्हता तेवढा जोर लावून.

हातांनी आपले काम केले.

खेकडा उजवीकडे फिरला आणि दिवा व दार यांच्या मधोमध खांबावर आदळला. आवाज फारसा मोठा झाला नाही. काच फुटल्याचा आवाज त्याला लगेच ओळखू आला. पुढची मोठी काच नव्हे, दिव्याची. इंजिन अजून चालूच होते.

बाई धावत आली. “लागलं का? काका, लागलं का कुठं?”

“नाही.” तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. ते चाकावर होते, अर्धा वेढा दिलेले. “परत ओढला का यानं?”

बाई म्हणाली, “नाही, काका. गाडी सरळच येत होती. तुम्ही वळवलीत.”

त्याने उतरायचा प्रयत्न केला. त्याच्या बाजूचे दार उघडेना. बाकावरून सरकत तो पलीकडच्या दाराने उतरला. तोवर फाटकावरच्या माणसाला न जुमानता बायको आत आली होती. तिने आधी त्याचे हात चाचपले, मग डोके, मग खांदा. ठीक आहे म्हटल्यावर ती त्याच्यावर ओरडली.

“तुम्हाला सांगितलं होतं ना, हात मोकळा ठेवा म्हणून! मिस्त्रीनं सांगितलं, मी सांगितलं!”

“मी काही केलं नाही गं,” तो म्हणाला. खरे तेच सांगत होता.

बाईने वाकून गाडीखाली पाहिले. बराच वेळ पाहिले. ज्या लांब लोखंडी कण्यावर सगळी गाडी उभी असते, तो पुढच्या बाजूला वाकला होता. ती उठली तेव्हा तिच्या गुडघ्याला धूळ लागली होती, आणि ती झटकायचे तिला सुचले नाही.

“चासी वाकलीय.”

“मिस्त्री सरळ करील. त्याच्याकडे सगळं आहे.”

“करतील हो. पण या वयाच्या गाडीची चासी वाकली की तिला परत तपासणीला घेता येत नाही. तसा नियमच आहे.”

“पण गाडी पास होती ना? तुम्हीच म्हणालात, सरळ येत होती.”

“रेघेपर्यंत सगळं पास होतं.”

“मग तिचा काय दोष, मॅडम?”

“काही नाही,” बाई म्हणाली. “तिचा काहीच दोष नाही.”

तिला आणखी काहीतरी बोलायचे असावे. मागे दोन गाड्या ताटकळत होत्या. एकाने हॉर्न दिला. तिने वळून त्याच्याकडे असे पाहिले की त्याने पुन्हा दिला नाही. पण पट्टा मोकळा करायलाच हवा होता, आणि तो केला गेला. चार माणसांनी खेकड्याला ढकलत कडेला नेले. काचवाला हात लावायला पुढे झाला तेव्हा एकजण म्हणाला, “राहू द्या आजोबा, आम्ही आहोत.”

मिस्त्री आला, गाडीखाली शिरला आणि लवकर बाहेर आलाच नाही. आला तेव्हा गाडीशेजारी उकिडवा बसून राहिला.

“एकदा तुम्हाला रिकाम्या मैदानावर न्यायला हवं होतं. दाबा म्हणायचं, चार वेळा. हाताला कळलं असतं.”

“मी आलो नसतो. म्हटलं असतं, मी कधी मारतो का ब्रेक?”

“तेही खरंच.” मिस्त्री म्हणाला. नेहमीसारखी काहीतरी थट्टा करावी म्हणून त्याने तोंड उघडले, आणि ते तसेच मिटले. “मी नीट करायलाच नको होता. तसाच वाकडा पाठवला असता, तर नापास झाला असता. परत आलो असतो, काहीतरी केलं असतं. मीच सरळ केला.”

काचवाल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपल्याला कुणावर तरी रागवता आले असते तर बरे झाले असते, असे त्याला वाटत होते. बाईवर रागवावे तर ती चांगली होती. मिस्त्रीने जीव ओतून काम केले होते. आणि हातांवर कसे रागवायचे? इतकी वर्षे त्यांनीच तर वाचवले होते.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती आधी रडली, मग म्हणाली, “जाऊ दे बाबा. तुम्ही सुखरूप आहात ना? आता आराम करा. एका अर्थी बरंच झालं.”

“हो,” तो म्हणाला. “बरं झालं.”

फोन ठेवल्यावर बायकोने दोघांची पाने वाढली आणि दोघे जेवले.

आठवड्याने एक गिऱ्हाईक दुकानात आले. त्याच्या घरी जिना संपतो तिथली खिडकी फुटली होती. फार लांब नव्हते, बाजाराचा रस्ता ओलांडून पुढच्या चौकात. काचवाल्याने माप घेतले, काच कापली, कडा घासल्या. पोचवणार कसे, असे गिऱ्हाइकाने विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोन्ही तळव्यांना चामड्याचे तुकडे बांधले, काच उभी अंगाशी घेतली आणि दुकानाची पायरी उतरला. बायकोने कुलूप लावले, किल्ली कमरेला खोचली आणि ती त्याच्या पुढे झाली.

“मी एकटा जाईन,” तो म्हणाला.

“जा की. मी बाजारात चाललेय.”

ती पिशवी न घेताच निघाली होती. चार पावले पुढे राहून ती लोकांना बाजूला सारत चालली. “सरका बाबा, जरा सरका. अहो ताई, मुलाला धरा. काच आहे, काच.” लोक सरकत होते. फळांच्या गाडीवाल्याने आपली गाडी भिंतीला लावली. चौकात मोटारी थांबल्या.

सकाळचे ऊन समोरून येत होते, आणि काच चांगली पुसलेली होती. जवळच्यांना तिची हिरवट कड दिसत होती. लांबून बघणाऱ्याला काहीच दिसत नव्हते; एक बाई हाका देत चालली होती, आणि तिच्यामागून दोन्ही हात पसरून, काहीही न धरता, एक म्हातारा फार जपून पावले टाकत येत होता.