फुंकणाऱ्यावर आळ

मी एक जुना टर्बो आहे, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. मित्रांनो, गाडीचं बॉनेट उघडल्याशिवाय मी दिसत नाही. शंखाच्या आकाराच्या माझ्या पोटात दोन छोटी चाकं आहेत. इंजिनाचा धूर एकाला फिरवतो आणि दुसरं बाहेरची हवा ओढून जाड रबरी नळीतून इंजिनात दाबतं. कारखान्यात मला तपासणारी बाई म्हणाली होती, "हा दमदार आहे." एवढंच काय ते माझं कौतुक.

अकरा वर्षं मी ब्लॅक फॉरेस्ट नावाच्या डोंगराळ भागातल्या इर्मट्राउट सुईणबाईंच्या गाडीत आहे. डोंगरावरच्या शेतघरांत जाऊन बाळंतपणं करणं हे त्यांचं काम. सपाट रस्त्यावर माझी कुणाला आठवण होत नाही. चढ लागला की सगळा भार माझ्यावर.

यंदा बर्फ वितळल्यापासून गाडी चढावर धापा टाकू लागली. एकदा तर शेणखत ओढणारा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला, आणि वर ट्रॅक्टरवाल्याने टोपी उंचावून सलाम ठोकला! माझा तिळपापड झाला. मी जीव तोडून फुंकत होतो, पण वाटेत कुठेतरी हवा गळत होती. हे मी सांगणार कसं?

त्यात सगळ्यात वरच्या घरातल्या आनेग्रेटचे दिवस भरत आले होते. तिचं पहिलं बाळ दवाखान्याच्या वाटेवर, वळणावर थांबवलेल्या गाडीत झालं होतं. या वेळी बाईंनी वेळेत घरी यायचं वचन दिलं होतं.

गॅरेजवाल्या एगॉनने तपासणीचं यंत्र जोडलं. पडद्यावर उमटलं, हवेचा दाब कमी. का कमी, ते यंत्र सांगत नाही. एगॉनने आधी दाब मोजणारा सेन्सर बदलला, मग दाब आवरणारा व्हॉल्व्ह. दोघेही धडधाकट होते. गाडी तशीच राहिली. मग त्याने माझ्यावर बोट ठेवलं.

"बाई, टर्बो म्हातारा झालाय. काढून फेकतो. नवा यायला दहा दिवस लागतील."

"दहा दिवस? आनेग्रेटचं बाळ तुझ्या पार्सलसाठी थांबणार आहे होय?"

"मग मी काय करू? यंत्र सांगतंय ना!"

"यंत्र दाब कमी म्हणतंय. टर्बो मेला असं कुठे म्हणालं? हात तरी लावून बघितलास का त्याला?"

एगॉनने नळी सोडवून माझं चाक बोटाने हलवून पाहिलं. ते जराही डगमगलं नाही.

"तसा घट्ट आहे म्हणा," तो पुटपुटला.

"घट्ट आहे, आणि निघाला फेकायला! ती नळी लाव परत, आणि हवा भर तिच्यात."

बाईंनी पिशवीतून लाकडी कर्णा काढला. पोटातल्या बाळाचे ठोके त्या त्यानेच ऐकतात. एगॉन हसला, पण नळीची तोंडं बंद करून त्याने हवा भरली. बाई वाकल्या, कर्ण्याला कान लावून नळीवरून सरकत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

"इथे फुसफुसतंय."

एगॉनने साबणाचं पाणी शिंपडलं. तिथेच बुडबुडे आले.

बुडबुड्यांच्या अगदी वर एक मोजा तारेने टांगलेला होता. आमच्याकडे मार्डर नावाचं मुंगसासारखं जनावर गाडीत शिरून रबर कुरतडतं. ते कुत्र्याच्या वासाला घाबरतं, म्हणून लोक कुत्र्याचे केस मोज्यात भरून इंजिनापाशी बांधतात. त्या मोज्याची तार दोन वर्षं नळीवर घासत होती. मार्डरने केलं नाही ते मोज्याने केलं.

"हा कुणी बांधला बरं?" एगॉनने मुद्दाम विचारलं.

"हस, हस. माझ्याच कुत्र्याचे केस आहेत." बाईंचे कान लाल झाले होते.

नवी नळी त्याच दिवशी बसली. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मी असा फुंकलो की सगळा चढ आम्ही एका दमात चढलो आणि बाळाच्या आधी चाळीस मिनिटं पोचलो. "गाडी छान पळाली," बाई म्हणाल्या. गाडी! असो, याची मला सवय आहे.

राग वेगळाच आहे. मित्रांनो, कुणी धापा टाकू लागलं, तर त्याला काढून टाकण्याआधी जरा वाकून कान लावा. माझं नशीब की बाईंजवळ कर्णा होता. तो सेन्सर आणि तो व्हॉल्व्ह एगॉनच्या भंगाराच्या पेटीत पडले आहेत. त्यांच्यात काहीच बिघडलेलं नाही.