ओवाळलेली बंदूक

हे लिहायचंच नाही असं ठरलं होतं. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. ज्याची गोष्ट आहे तो डोमाजी शेवटी म्हणाला, "लिही, पण गावाचं नाव घालू नको. अन् जागा तर मले इचारूच नको." म्हणून गाव आंध्रातल्या वांकिडीच्या आसपासचं एवढंच समजा. साल नव्वदच्या मागंपुढं.

डोमाजी तेव्हा शाळेत नुकताच मास्तर लागला होता, बौद्ध वस्तीतला पहिलाच. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त नागोराव. वांगी-मिरची लावायचा अन् वांकिडीच्या बाजारात विकायचा. दोघं एका पाटीवर शिकले, एका बिडीवर बिघडले.

त्या दिवशी खांडेनवमी होती. डोमाजी नागोरावकडे बांबू न्यायला आला होता. दुसऱ्या दिवशी दसरा. नागोरावच्या घरी खांडेनवमीला हत्यारं मांडून पुजतात, अन् डोमाजीच्या वस्तीत दसऱ्याला झेंडा लावतात, कारण लढाई सोडून दिलेल्या अशोक राजाचा तो दिवस. दोघं यावरून एकमेकाला चिडवायचे.

"तुमी धार लावा, आमी झेंडा लावतो," डोमाजी म्हणायचा.

"धार नसती तर तुह्या झेंड्याले बांबू कोणं तोडला असता बे?" नागोराव म्हणायचा.

अंगणात बांबूंची मोळी बांधून ठेवलेली होती. डोमाजी ओसरीवर चहा पीत बसला. तिथून आत देवापुढची ओळ दिसत होती. पांढऱ्या धोतरावर पहिला विजेचा दगड. नांगरताना सापडलेला, एका बाजूनं घासून धारदार केलेला. गाव म्हणे आभाळातून पडला. डोमाजीला माहीत होतं की ती कोण्या जुन्या माणसाची कुऱ्हाड आहे. त्याच्या शेजारी विळे, कोयता, खरी कुऱ्हाड, गंजकं भाल्याचं पातं. अन् शेवटी ठासणीची बंदूक. सगळ्यांना सारखंच हळद-कुंकू, सारखंच फूल. ज्यानं भाजी कापली अन् ज्यानं माणूस कापला, ते एकाच धोतरावर. डोमाजीला ती ओळ कधी आवडली नाही. पण त्या ओळीपर्यंत तो कधी गेलाही नव्हता. त्याची जागा ओसरी.

चहा संपायच्या आत शेजारचा देवाजी सायकल आपटत आला.

"नागोराव, पोलिसाची पार्टी नाल्यापलीकडे हाय. घर-घर उलथून राह्यले. बंदुका धुंडाळतेत."

"काऊन?"

"जंगलातल्या नक्षल्याइच्या दळमवाल्यानं कोणाच्या तरी घरून दोन बंदुका नेल्या म्हणे. आता ज्याच्या घरी सापडली, तो त्याइचाच माणूस." देवाजीनं आत बंदुकीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मी काई पाह्यलं नाई," म्हणाला अन् निघून गेला.

मागच्या महिन्यात बाबाराव नावाच्या माणसाच्या घरी डुकरं हाकलायची एक ठासणीची बंदूक सापडली होती. त्याला नेलं. तो परत आला, पण अजूनही त्याची बायको त्याला घास भरवते. नागोरावच्या बंदुकीचं लायसन निजामाच्या काळातलं, ते वाळवीनं खाल्लं होतं.

नागोराव उठला, आत गेला, ओळीपुढे उभा राहिला. अन् उभाच राहिला.

"उचल ना," डोमाजी ओसरीवरून म्हणाला.

"मांडलेली हाय. दसऱ्याचं सोनं लुटल्याबिगर उचलता येत नाई."

"तुले नेतील बे ते."

"आमच्या आज्यानं एकदा मांडलेला कोयता उचलला होता. साप मारायले. त्याच साली दोन लेकरं गेली घरातली." नागोरावच्या पोटात पोलीस होते अन् पाठीवर आजा होता. मधे तो.

तेव्हा त्याची माय रुक्माबाई चुलीपासून उठून आली. जन्मात तिनं डोमाजीला उंबऱ्याच्या आत बोलावलं नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहिली, पदर सारखा केला.

"मास्तर, तुमच्यात हे मानत नाईत ना?"

"नाई, काकी."

"मंग तू उचल. तुले लागत नाई."

नागोरावनं मायकडे पाहिलं. डोमाजीला हसू येत होतं अन् कानशिलंही तापली होती. देवापर्यंतची वाट त्याला मिळाली ती अशी. पण बोलायला वेळ नव्हता. त्यानं चपला काढल्या, आत गेला, खाली वाकला.

"नळीचं तोंड अंगाकडे नको करू," रुक्माबाई म्हणाली. "भरलेली हाय."

डोमाजीचा हात तिथंच थांबला.

"केव्हाची?"

"रझाकाराच्या सालची. रझाकार येऊन राह्यले अशी खबर आली होती, तवा बापूजीनं भरली." बापूजी म्हणजे तिचा नवरा, मरून कैक वर्षं झालेला. "ते आलेच नाईत. मंग तिले कोण खाली करते?"

नागोराव खाली बसला. "माय, दरसाल आपण तिच्या तोंडापुढे निरांजन ओवाळतो."

"मंग? देवाले भरल्या पोटीच ओवाळतेत."

डोमाजीनं वाकून बंदुकीच्या घोड्याकडे पाहिलं. घोड्याखाली बार पेटवणारी टोपी बसवलेली असली तर नुसता धक्का पुरे. पण तिथं चाळीस वर्षांचं हळद-कुंकू थरावर थर बसलं होतं, कडक झालेलं. टोपी आहे की नाही हे दिसतच नव्हतं. खरडून पाहायची त्याची हिंमत झाली नाही. दारू इतक्या वर्षांत मेली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. स्वतःलाच ते पटलं नाही.

त्यानं बंदूक दोन्ही हातांवर उचलली, लेकरू उचलतात तशी. अंगणात आणून मोळी सोडली, मधोमध ठेवली, भोवती बांबू लावून परत आवळली. वर पिशवीतून आणलेलं झेंड्याचं पंचरंगी कापड गुंडाळलं. ते गुंडाळताना त्याला लाज वाटली. कापड कशासाठी शिवलं होतं अन् कशावर चढलं.

मोळी दोघांनीच न्यायची, डोमाजी पुढं, नागोराव मागं. डोमाजी म्हणाला, "बंदूक उलटी करून बांधतो. तोंड पुढं, रस्त्याकडे."

"पुढं पोलीस असतील. गेली सुटून तर?"

"आता तोंड तुह्याकडे हाय बे."

"राहू दे." नागोरावनं मागचं टोक खांद्यावर घेतलं. "आमच्या घरची हाय, आमच्याकडेच पाहू दे. अन् मी बांबू उचलून राह्यलो, हत्यार नाई. आजा काई म्हणणार नाई."

दोघं निघाले. ऊन चढलं होतं. डोमाजी पाय असा टाकत होता की जणू खाली वांग्याची रोपं आहेत. खड्डा आला की सांगायचा, "खड्डा." मागून फक्त श्वास ऐकू यायचा. मोळी जराशी कुरकुरली की डोमाजीचा उचललेला पाय तसाच थांबायचा. मागं वळून पाहावं वाटे. वळलं तर मोळी वळेल, म्हणून वळला नाही.

मोरीजवळ जीप उभी होती. पोलीस पार्टी नाला ओलांडून आली होती.

"पंतुलु, एक्कडिकि?" एकानं तेलुगूत विचारलं. मास्तर, कुठी?

"उद्या झेंडा आहे सार. बांबू आहेत."

त्यानं लाठीनं मोळीवर टकटक केलं. पुढच्या टोकाला एकदा. मग चालत मागं गेला, मधोमध एकदा. घोडा तिथंच होता. डोमाजीनं डोळे मिटले. त्याला उगीच शाळेतला फळा आठवला, काल न पुसलेला. आता तो कोण पुसेल?

पोलीस मागं पोचला. "तू काऊन एवढा घामेजला?" हे हिंदीत विचारलं, पण डोमाजीला ते असंच आठवतं.

"जड हाय, साहेब," नागोराव म्हणाला.

"बांबू?"

"ओले हायत."

पोलीस चालत जीपपाशी गेला. मग लाठी जीपच्या बोनेटवर वाजली. "पो, पो." जा म्हणाला.

पुढं आंब्याच्या झाडाशी दोघांनी मोळी खाली ठेवली. इतकी हळू ठेवली की खालचं पानही वाजलं नाही. नागोराव तिथंच ओकला. तोंड पुसून म्हणाला, "तू एकटा जा." तिथून डोमाजी एकटा गेला अन् एकटाच परत आला. हातात फक्त बांबू होते.

दुपारी पोलीस नागोरावच्या घरी आले. ओळीत बंदुकीच्या जागी रुक्माबाईनं मुसळ आडवं ठेवलं होतं, त्याला ताजं कुंकू लावून. "ये भी हथियार है?" पोलिसानं विचारलं. "सासूबाईच्या वेळचं हाय," ती म्हणाली. दोघं-तिघं हसले. पण जो हसला नाही, तो धोतरावरचा लांब पिवळा डाग पाहत उभा राहिला. मुसळ त्या डागापेक्षा आखूड होतं. जाताना म्हणाला, "फिर आएंगे."

दसऱ्याला संध्याकाळी नागोराव आपट्याची पानं घेऊन बौद्ध वस्तीत आला. झेंडा वर फडकत होता. त्यानं पानं डोमाजीच्या हातात दिली, पण हात सोडला नाही.

"माय म्हणते, पुढच्या साली ओळीत तिची जागा रिकामी नको."

"अन् तू काय म्हणते?"

"ते परत येतीन, डोम्या. मले मार सहन होणार नाई. मी सांगून टाकीन, मग तुलेही नेतीन." त्यानं हात आणखी आवळला. "म्हणून मले कुठी ठेवली ते सांगू नको. मी दारू पिऊन इचारलं तरी नको. मायनं मरताना मागितली तरी नको."

डोमाजीनं झेंड्याच्या बांबूकडे पाहिलं. मधल्या पेरावर हळदीचं बोट उमटलेलं होतं, पुसायचं राहून गेलेलं. आता ती जागा माहीत असलेला माणूस एकच उरला होता, अन् तो म्हणजे तो स्वतः. त्याला मार सहन होईल का, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"नाई सांगणार," तो म्हणाला. "तुले तर नाईच."