डबीचं झबलं

"उघडं काय ठिवू नगंस, झुंबर. धूळ बसंल."

लग्नानंतर घेतलेला पहिला रेडिओ मांडीवर धरून आकाराम असं म्हणाला होता. आता रेडिओ नाही, आकारामही नाही. पण दुपारी डोळा लागता लागता झुंबरबाईंना तो आवाज येतो, लांबच्या स्टेशनासारखा, मध्येच विरत. त्या रेडिओसाठी त्यांनी पहिला रुमाल विणला आणि मग विणतच राहिल्या. शिवाजी पेठेतल्या किती टीव्हींवर, किती शिलाई मशिनींवर त्यांच्या हातची फुलं पसरली, त्यांनाही आठवत नाही. आकाराम कारखान्यात लोखंड ओतायचा. घरातल्या वस्तूंवरची धूळ झुंबरबाईंनी अडवली. त्याच्या छातीत गेली, ती तेवढी अडवता आली नाही.

म्हणून तर आईला खोकला लागल्याबरोबर अनुजाने पुण्याहून ती डबी धाडली. हवेतली धूळ मोजणारी, खोली किती तापली ते सांगणारी. आकडे डबीवर दिसत, तसे लेकीच्या मोबाइलवरही.

फोन वाजला.

"आई, आज परत चौतीस दाखवतंय गं. शिमगा अजून लांब आणि घरात चौतीस? उन्हात ठेवलीयस काय?"

"न्हाय."

"टीव्हीजवळ? गॅसजवळ?"

"कोनाड्यात हाय. देवाच्या दिव्यापासनं बी लांब."

"मग भिंतीपासनं जरा पुढं ओढ. बंद करून चालू कर आणि अर्धा तास थांब."

लेकीनं सांगितलं तेवढं सगळं झुंबरबाईंनी केलं. अर्ध्या तासात आकडा पस्तीसवर गेला आणि फोन पुन्हा वाजला.

"म्हणजे डबी बरोबर आहे, घरच तापतंय. वर पत्रा, त्यात तुझा खोकला. ते काही नाही, रविवारी गाडी घेऊन येते. आता इकडंच राहायचं."

साखर मागायला आलेल्या शेजारच्या कालिंदीबाई दारात उभ्या राहून फोनच्या स्पीकरवरचं हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी कोनाड्यात डोकावून बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"आगं, हिला झबलं घातलंयस व्हय! लोकरीचं! मग तापंल न्हाय तर काय हुईल? काढ की ते. न्हायतर जाशील पुण्याला, आणि बसशील चौथ्या मजल्यावर कबुतरं हाकत."

"ठावं हाय मला," झुंबरबाई हळूच म्हणाल्या आणि साखरेची वाटी भरायला वळल्या.

पहिल्या दिवशी त्यांना ठाऊक नव्हतं. नवी वस्तू, उघडी कशी ठेवायची? अनुजाच्या लहानपणच्या स्वेटरची उसवलेली पिवळी लोकर होती, तिचंच विणलं. आणि एरवी फक्त रविवारी फोन करणारी लेक त्या दिवशी भर दुपारी, कामातून उठून, बोलली. झबलं धुवायला काढलं, तर आकडा उतरला आणि फोन गप्प. पुन्हा घातलं, फोन वाजला. देवळातल्या घंटेची दोरी अवचित हाताला लागावी, तसं झालं. मग घर फार मोठं वाटायला लागलं की त्या झबलं चढवत.

संध्याकाळ उतरली. डबीचा हिरवा उजेड विणीतून झिरपून भिंतीवर फुलं पडली. गल्लीत फुटबॉलवरून पोरांचं भांडण चाललं होतं, कुणाचा तरी "पास दे की!" थेट स्वयंपाकघरात आला. झुंबरबाई ती फुलं बघत बसल्या. मग उठल्या, आणि झोपलेल्या लेकराच्या अंगावरून काढावं तसं त्यांनी झबलं अलगद काढलं. भिंतीवरची फुलं विझून गेली. आकडा हळूहळू उतरत एकोणतीसवर येऊन थांबला.

फोन आला.

"आई, आला की ताळ्यावर! काय केलंस?"

"काय न्हाय. वारं लागलं आसंल."

"बरं झालं बाई, जिवाला घोर लागला होता. मग रविवारी यायचं राहू दे. ठेवू?"

झुंबरबाईंनी मांडीवरच्या लोकरीत बोटं खुपसली. ती अजून ऊबदार होती.

"अनू, थांब जरा."

"काय गं?"

"डबी बिघडली नव्हती. घर बी तापलं न्हाय. मीच तिला लोकरीचं झबलं घालायची. आकडा चढला की तुझा फोन येतुया."

बोलता बोलता झुंबरबाईंनी मांडीवरच्या झबल्याची घडी घातली.

"मला हितनं हलवू नगंस. पर आकडा बरोबर आसला, तरी बी फोन करत जा."