हाइनोचं दुसरं मत

बेटावरच्या वाचनालयात मी पुस्तकं देते आणि निवडणूक आली की मतदान केंद्र सांभाळते. निकालाच्या यादीत हाइनोच्या नावापुढे एकच मत पाहिलं, तेव्हा मला हसू आलं, खोटं कशाला सांगू? ते त्याचं स्वतःचं. बायकोचं कुठे गेलं, हे फक्त तिला आणि मला ठाऊक होतं.

आमच्याकडे मतदानाच्या दिवसाआधी घरून संगणकावरही मत देता येतं. मंगळवारी त्यानं बायकोला, माइरेला, संगणकापुढे बसवलं, मानेवर हात ठेवून मत द्यायला लावलं आणि लगेच फोनवर पडताळून पाहिलं. त्याचंच नाव आलं. संगणकावर मत द्यायला ओळखपत्र लागतं; तिनं पुन्हा मत बदलू नये म्हणून तिचं ते बंदुकीच्या कपाटात घालून कुलूप लावलं. रविवारी, मतदानाच्या दिवशी, स्वारी निर्धास्त शिकारीला गेली.

त्या दुपारी माइरे मतदान केंद्रात माझ्या टेबलाशी आली. हातात गाडीचा जुना परवाना, मनगटावर पिवळा पडत चाललेला वळ.

"याच्यावर चालेल ना गं, सिल्वी? कागदावर दिलं की आधीचं जातं ना?"

"जातं."

"त्याला कळलं तर मारून टाकेल मला."

"मेले तरी सांगणार नाही," मी म्हटलं.

आठवड्यानं शाळेच्या सभागृहात गावाची बैठक होती, तिथे हाइनोनं तमाशा मांडला. "घरातली दोन मतं होती! बायकोचं मी फोनवर या डोळ्यांनी पाहिलंय! तुमची यंत्रणा चोर, आणि ही सिल्वी तिच्याहून चोर!"

मागून टाळ्या पडल्या. एकोणीस वर्षं हे काम करतेय, कधी एका मताचा घोळ नाही. माझं डोकं सणकलं. 'लेखी तक्रार करा' एवढंच म्हणून खाली बसता आलं असतं.

"फोननं दाखवलं ते खरंच होतं," मी ताडकन बोलले. "पण त्याच माणसानं रविवारी येऊन कागदावर मत दिलं, तर आधीचं रद्द होतं. कुणी जबरदस्ती केली तर सुटका असावी, म्हणूनच तो नियम आहे. आणि कुणी ओळखपत्र दडवून ठेवलं, तरी गाडीचा परवाना चालतो!"

परवान्याचं बोलायची काही गरज नव्हती.

मग म्हातारे मास्तर एंडेल म्हणाले, "म्हणजे सगळं चोख आहे की!" लोक खदखदून हसले. "काय रे हाइनो, घरचंही मत टिकेना तुला?" टाळ्या आता माझ्यासाठी होत्या. लाज वाटते सांगायला, पण मला फार बरं वाटलं.

हाइनो हसला नाही. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माइरेपाशी गेला. तिचा कोट धरला, बाह्यांत हात घालायला मदत केली, गळ्यापर्यंत एकेक बटण लावलं.

"चल, घरी जाऊ."

दारातून तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मास्तर माझा हात हातात घेऊन शाबासकी देत होते. मी तो सोडवून घेतला नाही.