आतून न उघडणारं दार

शहादेव मिस्त्रीने जीपच्या पुढच्या दाराचा आतला पत्रा सोडवला आणि चार स्क्रू दीपमालाच्या तळहातावर ठेवले. तिने मूठ मिटली.

"वैनी, बसा तिकडं. येळ लागंल."

"लागू द्या. पण आज झालंच पायजे."

तिचा नवरा राधाकिशन जुन्या टायरवर बसून चहा पीत होता. उमापूर ते गेवराई तो याच जीपने माणसांची ने-आण करायचा.

"तीन वर्सं झाली, आतून उघडत न्हाई. कुणाचं काय अडलं?" तो म्हणाला. "आताच का म्हून घाई?"

"उद्या गाडी पलटी झाली तर माणसं आत अडकतील."

हे वाक्य तिने सकाळी भाकरी थापतानाच ठरवून ठेवलं होतं. खरं कारण सत्यशीला मॅडम होत्या.

मॅडम उपकेंद्रातल्या नर्स. मांडीवर लसीचा डबा घेऊन त्या रोज पुढे बसायच्या. पुढची सीट गिऱ्हाइकाची, ड्रायव्हरच्या घरच्यांनी मागे बसायचं, हा सगळ्याच जीपवाल्यांचा रिवाज. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी दीपमाला एकदाही पुढे बसली नव्हती. गेल्या मंगळवारी बाजार आणि दळण करून येताना ती अशीच मागे, पिशव्यांच्या गर्दीत बसली होती. जीप उपकेंद्रापाशी थांबली. राधाकिशन उतरला, वळसा घालून पलीकडे गेला आणि त्याने बाहेरून दार उघडून धरलं. मॅडम हसून उतरल्या. तोही हसला.

दीपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. घरात पाण्याचा तांब्यासुद्धा हातात लागणारा हा माणूस. दार आतून उघडत नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण दार बिघडलं म्हणून हसावं लागतं का? घरापुढे ती पिठाचा डबा घेऊन मागून एकटीच उतरली, तेव्हा तो मोबाइल बघत होता.

शहादेवने दाराचा खटका बाहेर काढला. वाळलेलं ग्रीस आणि फुफाटा मिळून त्याचा दगड झाला होता. आतल्या हँडलची सळई निखळून लोंबत होती. त्याने खटका डिझेलमध्ये घासून धुतला, नवी स्प्रिंग घातली, सळई जोडली, तेल सोडलं.

"आत बसून वढून बघा, वैनी."

दार पहिल्याच ओढीला उघडलं. दीपमालाने ते पाच वेळा लावलं आणि पाच वेळा उघडलं. आता उतरू देत मॅडमना आपल्या हाताने. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

परतताना ती सवयीने मागे चढायला लागली.

"रिकामीच हाय गाडी, बस की पुढं," राधाकिशन म्हणाला. "तुजंच दार हाय आता."

ती बसली. मागून तिला नेहमी मागे पडलेला रस्ता दिसायचा. आज समोरून येणारा दिसत होता. दोन्हीकडच्या कापसात बाया वेचणीला लागल्या होत्या. त्यांतल्या एखादीने तरी आपल्याकडे बघावं असं तिला वाटत राहिलं.

घरापुढे जीप थांबली. राधाकिशन उतरला आणि बॉनेटला वळसा घालून तिच्या बाजूला आला. दीपमालाने पदर सावरला, पिशवी मांडीवर नीट धरली आणि समोर बघत बसून राहिली. आपल्यासाठी आजवर कुणी दार उघडलेलं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

तो दाराजवळून पुढे निघून गेला. फाटकापाशी पोचल्यावर त्याने मागे पाहिलं.

"उतर ना. आता उघडतंय की आतून."

तिचा हात हँडलवर गेला. हँडल तेलाने ओशट झालं होतं. नुसतं बोट लावलं असतं तरी दार उघडलं असतं. तिने हात काढून मांडीवर घेतला.

"न्हाई उघडत," ती म्हणाली.