पाणी तोडणं

"मका कसा तरारलाय बघ," सासरे कौतुकानं म्हणाले आणि मी आधी कुंड्यांत बोट घालून पाहिलं. शेडमधला तो मका एव्हाना वाळून कोलमडायला हवा होता. तो हिरवागार उभा होता आणि कुंड्यांची माती ओली होती.

माझा धंदा बुरशीचा. लोक हसतात, हसू देत. मक्याच्या मुळांवर मी ती वाढवते. तिचे केसाहून बारीक धागे मातीत लांबवर पसरतात आणि पावसाबरोबर खाली निसटणारं खत धरून पिकाला देतात. शेवटी मात्र कुंड्यांचं पाणी तोडावं लागतं. मका मरायला टेकला की बुरशी घाईघाईनं आपलं बी धरते, आणि तीच माती वाळवून पेरणीत घालायची. पाणी मिळत राहिलं तर बाईसाहेब निवांत बसतात, बी राहतं बाजूला.

या कुंड्या थोरल्या दिरांसाठी होत्या. ते दरवर्षी युरिया ओततात. थोडा पिकाला लागतो, उरलेला झिरपून विहिरीत जातो. त्यांच्या तान्ह्या नातीला हे पाणी पाजू नका, असं विहिरीचं पाणी तपासणाऱ्यांनी सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या नाकदुऱ्यांना यश आलं. एका पट्ट्यात युरिया निम्मा आणि बाकी भिस्त माझ्या बुरशीवर, इतकं त्यांनी कबूल केलं. आणि आता पेरणी तोंडावर आलेली.

सासूबाई गेल्यापासून सासरे आमच्याकडे असतात. पाणी का तोडायचं ते मी त्यांना नीट समजावलं होतं. रागाच्या भरात माझं तोंड सुटलं. जन्मभर शेती करून एवढंही कळत नाही का, असं मी बोलून गेले. ते जेवायलाही उठले नाहीत. मला वाईट वाटलं, पण राग काही उतरला नाही.

संध्याकाळी दीर माती न्यायला आले. गाडीत युरियाची पोती होतीच. बुरशीनं बी धरलं नाही, माझाच अंदाज चुकला, असं मी सांगून टाकलं. म्हाताऱ्या माणसाला मुलासमोर कशाला उघडं पाडायचं? दीर हसले. शेती म्हणजे कुंडीतला खेळ नव्हे, आता सगळीकडे नेहमीसारखा युरियाच टाकतो, म्हणाले आणि निघाले.

"थांब," सासरे म्हणाले. "तिचं नाही चुकलं. पाणी मी घातलं."

या मुलासमोर त्यांनी कधी चूक कबूल केलेली मी पाहिली नव्हती.

"पण बाबा, तिनं नको सांगितलं होतं ना?" दिरांनी विचारलं.

"सांगितलं होतं. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, तोंडानं पाणी द्यायचं नाही म्हणून. तुझी आई दिवसभर मागत होती. मी नाही दिलं. तरी ती गेलीच. इथं मला बघवलं नाही रे."

दीर गाडीच्या मागच्या बाजूला गेले. मग त्यांनी एक पोतं उतरवून आमच्या पायरीवर ठेवलं.

"हे दुकानात परत कर," ते मला म्हणाले. "तो पट्टा रिकामा ठेवतो. तुझं बी झालं की पेरू, उशीर तर उशीर."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडचा नळ बंद करायला गेले, तर सासऱ्यांनी तो आधीच बंद केला होता. शेडकडे पाठ करून ते बाहेर खुर्चीत बसले होते. मी चहा नेऊन दिला आणि त्यांच्याशेजारी बसले. चौथ्या दिवशी दुपारी आतला मका माना टाकू लागला, तेव्हाही ते तिथेच बसले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.