मिनिटाला सत्तर

नबीलाल दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होता. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला झटके येऊ लागले. उभ्या उभ्या डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि तो खाली कोसळायचा. दोनदा शेडमध्येच पडला, तेव्हा रेल्वेच्या डॉक्टरांनी त्याला मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या इस्पितळात कळलं, की त्याचं हृदय मिनिटाला जेमतेम तीस ठोके देतंय आणि तेही मधूनच थांबतात.

१९६७च्या दिवाळीनंतर त्याच्या पोटावर, डाव्या बाजूला कातडीखाली, बूट पॉलिशच्या डबीएवढं यंत्र बसवलं आणि त्याची तार हृदयाला जोडली. त्याला पेसमेकर म्हणतात.

"हे मिनिटाला सत्तर ठोके देणार," डॉक्टरांनी समजावलं. "झोपलात तरी सत्तर, चाललात तरी सत्तर. बॅटरी दीड-दोन वर्षं चालेल. रोज सकाळी पुरा एक मिनिट नाडी मोजायची. आकडा सहासष्टवर आला किंवा एकदम वाढला, तर त्याच दिवशी कळवायचं."

घरी आल्यावर नबीलाल रोज नाडी मोजायचा. त्याची बायको गुलशन चहा ठेवता ठेवता विचारायची, "किती?" तो म्हणायचा, "सत्तर." मग दिवस सुरू व्हायचा. पण तो दिवसभर बाजेवरच बसून राही. बादली उचलत नसे, शेडकडं फिरकत नसे. क्वार्टरच्या दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची आणि तो घाबरायचा.

"आत माझं काय ऱ्हायलंय आता?" एकदा तो म्हणाला. "बॅटरी चालतीया तवर मी."

गुलशननं चहाचा कप त्याच्या हातात दिला.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात शिरूरला तिच्या भावाच्या, महबूबच्या मुलीचा निकाह ठरला. रेल्वेच्या डॉक्टरांनी जायला परवानगी दिली. दोघं आदल्या दिवशी एस.टी.नं गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं. नबीलालला कित्येक महिन्यांनी चार माणसांत बसायला मिळालं. गप्पांत जागरण झालं, चहावर चहा झाले.

निकाहच्या सकाळी मागच्या ओट्यावर बसून त्यानं नाडी मोजली. त्र्याऐंशी. त्यानं पुन्हा मोजली. एकोणऐंशी. ठोके सारखेही पडत नव्हते. मधेच एखादा घाईनं येऊन जायचा.

"किती?" गुलशननं दारातून विचारलं.

"सत्तर," तो म्हणाला.

दुपारी जेवणाच्या पंगतीत त्याचा घास खाली उतरेना. वाढता वाढता गुलशनच्या ते लक्षात आलं. तिनं वाडगं खाली ठेवलं, त्याच्याजवळ बसून मनगट धरलं. तिच्या हाताला घड्याळ नव्हतं, पण वर्षभरात तिच्या बोटांना ती चाल पाठ झाली होती.

"हे सत्तर न्हाईत. सकाळी किती होते?"

त्यानं मान खाली घातली. "त्र्याऐंशी."

"आन् मला सत्तर म्हणालात."

"पोरीचा निकाह हाय. माझ्यापायी मांडवात रडारड कशाला?"

"तुम्ही हितंच पडला असता, तर काय झालं असतं मांडवात?" ती हळू आवाजात म्हणाली. "उठा."

महबूब धावत आला. "दाजी, मी येतो संगं."

"तू मांडव सोडू नगंस," गुलशननं त्याला सांगितलं आणि टांगा बोलावला.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. "असं यंत्र मी फक्त पुस्तकात पाहिलंय," त्यांनी सरळ सांगितलं. मग छातीला नळी लावून, घड्याळाकडं बघत ते बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी ते दोघांना घेऊन पोस्टात गेले आणि मुंबईच्या इस्पितळाला अर्जंट ट्रंक कॉल लावला. दीड तास तिघं बाकावर बसून होते. गुलशननं नबीलालचं मनगट सोडलं नाही.

फोन लागला. डॉक्टर बोलले, ऐकलं, पुन्हा बोलले. मग येऊन त्याच्यासमोर बसले.

"यंत्राची चाल बिघडलेली दिसत नाही. त्याचे सत्तर नीट पडतायत. मधे जे जादा ठोके येतात, ते यंत्राचे नाहीत."

"मग कुणाचे?"

"बहुतेक तुमच्या हृदयाचे. रात्री झोप नाही, त्यात चहा किती झाला?"

"आठ-नऊ कप झाला आसंल."

"त्यानं ते उचकतं. हृदयानं आपणहून ठोका दिला, तरी यंत्राला ते कळत नाही. ते आपला ठोका देतंच. म्हणून बेरीज वाढते. पण हे अंगावर काढायचं नाही. उद्याच मुंबईला जाऊन हृदयाचा आलेख काढून घ्या. चक्कर आली तर आजच माझ्याकडं या."

नबीलालनं विचारलं, "म्हंजी माझं हृदय अजून चालतंय?"

"थोडंफार. त्याच्या भरवशावर राहू नका. पण मेलेलं नाही ते."

तो मांडवात परतला तेव्हा बिदाई व्हायची होती. त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग पोटभर दालचा-खाना खाल्ला.

मुंबईच्या आलेखात तेच निघालं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चहा दोन कपांवर आणला. धाप लागण्याचंही कारण सांगितलं: चढताना अंगाला जास्त ठोके लागतात, यंत्र ते देऊ शकत नाही. घाबरायचं नाही, थांबायचं आणि मग पुढं जायचं.

एवढं कळल्यावर नबीलाल रोज फिरायला लागला. महिन्याभरानं शेडच्या स्टोअरमध्ये त्याला हलकं काम मिळालं.

पुढच्या श्रावणात आकडा घसरू लागला. आधी एकोणसत्तर, मग सदुसष्ट. गुरुवारी सकाळी त्यानं गुलशनला हाक मारली. "सहासष्ट. बॅटरी सपत आली." दोघं पहिल्या गाडीनं मुंबईला गेले. दोन दिवसांत नवं यंत्र बसलं.

पंधरवड्यानं परत आले तेव्हा दौंडला ऊन पडलं होतं. स्टेशनचा जिना चढताना नबीलाल मधल्या पायरीवर थांबला. गुलशनही पिशवी घेऊन थांबली. खाली एक मालगाडी पाटसच्या बाजूला निघाली होती. दोघांनी ती जाऊ दिली.

"चल," तो म्हणाला आणि उरलेला जिना चढू लागला.